कांद्याची पट्टी आणि संगणकाचा तास

सॉफ्टवेअरचे दोन प्रकार असतात, सिस्टीम सॉफ्टवेअर आणि ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर, हे सातवीतली मुलं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. ॲप्लिकेशन सॉफ्टवेअरचेही पुढे दोन प्रकार पडतात. एक ठरावीक कामासाठीचं आणि दुसरं सर्वसाधारण उपयोगाचं. रेल्वे आरक्षणाचं, बँकेचं, गॅस एजन्सीचं पहिल्या गटात. वर्ड, एक्सेल, पेंट दुसऱ्या गटात. वहीत हे सगळं पट्टीने चौकटी आखून लिहिलेलं असतं आणि परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. येवला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं संगणक शिकवते आहे. या दोन गटांमधला खरा फरक वहीत कधी उतरत नाही, असं मला वाटत आलं आहे. आरक्षणाच्या खिडकीवरच्या सॉफ्टवेअरला आपलं काम ठाऊक असतं. ते स्वतःहून विचारतं: कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, माणसं किती. वर्ड किंवा एक्सेल काहीच विचारत नाही. उघडलं की समोर कोरा कागद येतो, नाहीतर कोरा तक्ता. काम आपण आणायचं असतं. शाळाशाळांतून सॉफ्टवेअर शिकवलं जातं ते हे काम बाजूला ठेवून. मेनूंची नावं पाठ होतात, बटणं ओळखता येतात, आणि त्या बटणांनी करायचं काय हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या कक्षात एका सरकारी योजनेतून दहा संगणक आले होते. कराराची मुदत संपली तशी देखभालही थांबली. आता सात चालतात आणि तुकडीत मुलं साठाच्या आसपास. मुख्याध्यापकांनी अर्धी तुकडी चित्रकलेच्या तासाला आणि अर्धी माझ्याकडे अशी वाटणी करून दिली, त्यामुळे एका संगणकापुढे चार-पाच मुलं बसतात. एवढ्यांत माऊस कोणाच्या हातात, हा पहिला प्रश्न. लक्ष घातलं नाही तर तो सगळ्यांत दांडग्या मुलाकडे जातो आणि तास संपेपर्यंत तिथंच राहतो. मुली कडेला बसून ‘इथं दाब, तिथं दाब’ सांगत राहतात. म्हणून थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायच्या, असा नियमच केला आहे. एकाकडे माऊस, एकाकडे कीबोर्ड, एकाने सूचना वाचायच्या, एकाने काय केलं आणि कुठं अडलं ते वहीत लिहायचं. लिहिणाऱ्याची पाळी मुलांना सुरुवातीला शिक्षा वाटते. पण पुढच्या तासाला गाडी कुठे अडली होती ते नेमकं तोच सांगतो, आणि हळूहळू त्याला मान मिळायला लागतो.

गेल्या काही वर्षांत मुलांमध्ये एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी पाचवीतलं मूल माऊसला हात लावायला भीत असे. आताचं मूल थेट पडद्यावर बोट टेकवतं आणि चित्र मोठं करायला दोन बोटं फाकवतं. फोन त्यांच्या हातात आहे, तो ते माझ्यापेक्षा वेगाने चालवतात. पण आपण काढलेला फोटो फोनमध्ये नेमका कुठे असतो, हे विचारलं की गप्प होतात. फोनवर प्रत्येक ॲप आपापलं सामान स्वतःच ठेवतं, मुलाला त्याची जागा माहीत असण्याची गरजच पडत नाही. म्हणून आमच्याकडे पहिले काही तास सगळे फाईल आणि फोल्डरचे. नाव काय द्यायचं, ठेवायची कुठे, महिनाभराने शोधायची कशी. मोकळीक दिली तर फायलींची नावं ‘नवीन’, ‘शेवटचं’, ‘शेवटचं खरं’ अशी निघतात. त्यामुळे इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि कामाचं नाव अशी पद्धत ठरवून दिली आहे. आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच संपल्या आहेत. शेतीपंपांना लाईट कधी असते आणि गावाची कधी जाते, याचं वेळापत्रक मुलांना घरूनच पाठ असतं. ‘मॅडम, आता जाईल’ असं कुणी तरी म्हणतं आणि सगळ्या कक्षातून कंट्रोल-एसचा आवाज येतो. काम जपून ठेवायची सवय मुलांना लागली ती या विजेमुळे.

पेंटपासून सुरुवात सगळेच करतात, मीही करते. मायक्रोसॉफ्टचं पेंट १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलं, तेव्हापासून लहान मुलांच्या हाताला माऊसची सवय लावायला त्याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही. पण मोकळं सोडलं की प्रत्येक मूल तेच काढतं: दोन डोंगर, मधून सूर्य, एक घर, एक नारळाचं झाड. दहा मिनिटांत चित्र संपतं आणि मुलं कंटाळतात. येवल्यात आणि आसपासच्या गावांत पैठणीचे माग घराघरांतून आहेत. माझ्या वर्गात विणकरांची मुलं असतातच. त्यांना मी सांगते, घरी पदरावर जी नक्षी चालू असेल ती ग्राफच्या कागदावर उतरवून आणा. मोर, पोपट, असावलीची वेल, नारळी काठ, जे असेल ते. मग पेंटमध्ये चौकटींच्या रेघा चालू करायच्या, चित्र आठशे टक्के मोठं करायचं आणि पेन्सिलीने एकेक घर भरायचं. पडद्यावरचं कुठलंही चित्र अशाच रंगीत घरांचं बनलेलं असतं, हे तेव्हा कळतं आणि ते समजावून सांगावं लागत नाही. विणकराच्या मुलाने ते मागावर बघितलेलंच असतं.

समोरासमोर दोन मोर असतील तर अर्धीच नक्षी काढायची. ती निवडून तिची नक्कल करायची, आडवी उलटवायची आणि शेजारी चिकटवायची. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा मुलांच्या तोंडून जो हुंकार निघतो, तो ऐकण्यासारखा असतो. एकदा पालकसभेला आलेले एक वडील मुलाने काढलेला मोर कागदावर छापलेला बघत उभे राहिले. म्हणाले, ‘मॅडम, चित्र छान आहे, पण असाच विणला तर मोर चपटा होईल.’ पडद्यावरचं घर चौरस असतं. मागावर उभे धागे आणि आडवे धागे सारख्या दाटीने बसत नाहीत, त्यामुळे कापडातलं घर चौरस राहत नाही. चित्रात जी उंची दिसते, ती विणताना कमी भरते. पुढच्या तासाला आम्ही आकार बदलण्याची चौकट उघडली, रुंदी आणि उंचीचं प्रमाण एकमेकांना बांधून ठेवणारी खूण काढली आणि फक्त उंची वाढवली. पडद्यावर मोर लांबुडका, विचित्र दिसायला लागला. मुलगा मात्र समाधानाने बघत होता, कारण कापडात तो बरोबर उतरणार हे त्याला माहीत होतं. त्या चौकटीतली ती बारीकशी खूण कशासाठी असते, हे त्या तुकडीतल्या एकाही मुलाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

याच तासाला मी जॅकार्ड मागाची गोष्ट सांगते. जोसेफ मारी जॅकार या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे पुठ्ठ्यावरच्या भोकांवरून ठरायचं. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. ‘संगणकाचा जनक चार्ल्स बॅबेज’ हे वाक्य मुलांनी पाचवीपासून पाठ केलेलं असतं. त्या जनकाने मागाकडे बघून काहीतरी घेतलं होतं, हे ऐकल्यावर विणकरांची मुलं ज्या नजरेने संगणकाकडे बघतात ती वेगळीच असते.

मराठी टाईप करणं हा यापेक्षा अवघड घाट. फोनवर मुलं मराठी लिहितात ती बहुधा रोमन अक्षरांत, किंवा बोलून. बोलून लिहिण्याला माझा विरोध नाही, घाईच्या कामाला ते चांगलंच आहे. पण मूल आपली भाषा आपल्या लिपीत, आपल्या हाताने संगणकावर लिहू शकलं पाहिजे, याबाबत मी हटून बसते. आणि त्यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डच शिकवते. देशातल्या प्रमुख लिप्यांना एकच मांडणी असावी म्हणून १९८० च्या दशकात सरकारने हा कीबोर्ड ठरवला. पुण्याच्या सी-डॅकने तो संगणकांवर रुजवला. त्याची रचना वर्णमालेवरूनच केलेली आहे. स्वर आणि त्यांची चिन्हं मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, साधी दाबली तर क, शिफ्टबरोबर ख. ग-घ, त-थ, प-फ यांच्या जोड्याही तशाच. ज्या मुलाची बाराखडी पक्की आहे, त्याला हा कीबोर्ड फार लवकर येतो. इंग्रजी अक्षरांवरून अंदाजाने मराठी लिहिणाऱ्या मुलाला कुठल्या अक्षरांनी ळ येतो आणि कुठल्या अक्षरांनी ण, हे शेवटपर्यंत आठवत बसावं लागतं.

सुरुवात स्वतःच्या नावापासून. वर्गात एखादी श्रद्धा असतेच, आणि तिचं नाव सगळ्यांत कसोटीचं. श्र ला स्वतंत्र कळ आहे. मग द, मग पाय मोडण्याची कळ, मग ध, मग काना. पडद्यावर आधी सुटा द, मग पाय मोडलेला द, आणि ध दाबताच दोघांचं मिळून जोडाक्षर. पहिलीत गिरवलेलं अक्षर आतून कसं बनलंय, ते मुलीला तेव्हा दिसतं. पुढची कसोटी ‘शेतकऱ्याला’ या शब्दाची. साधा र घेऊन पाय मोडला आणि य लावला, की य च्या डोक्यावर रफार चढतो आणि शब्द बिघडतो. इथे शिफ्टबरोबरचा वेगळा ऱ लागतो. आमच्या मुलांना हा शब्द पदोपदी लागतो, त्यामुळे ती कळ त्यांच्या बोटांना लवकर सापडते.

एका मुलीने ताईच्या लग्नाची पत्रिका पेनड्राईव्हवर आणली होती. तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात केलेली. तिला त्यात मामाचं नाव घालायचं होतं. फाईल उघडली तर सगळी रोमन अक्षरं, खुणा, कंस, स्वल्पविराम, वाचता येईल असं एक अक्षर नाही. तिला वाटलं फाईलला व्हायरस लागला. फाईल धडधाकट होती. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा आकार बसवलेला असतो. तो फाँट ज्या संगणकावर आहे तिथे मराठी दिसतं, नसेल तिथे खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचे क्रमांक २३०४ पासून सुरू होतात आणि आपल्या क चा क्रमांक २३२५. तो येवल्यात २३२५, मस्कतमध्ये नोकरीला असलेल्या काकांच्या फोनवरही २३२५. तिने आणि तिच्या गटाने पत्रिका पहिल्यापासून पुन्हा टाईप केली, मामाच्या नावासकट. निमंत्रक, प्रेषक, कार्यवाहक, सगळी मंडळी घालून. युनिकोडवर मी कितीही बोलले असते तरी एवढं झालं नसतं.

लेखनाचं सॉफ्टवेअर शिकवायला मला अर्जासारखं दुसरं साधन सापडलं नाही. दहावीचे जादा तास सकाळी लवकर भरतात आणि हिवाळ्यात मुली अंधारातून येतात. रस्त्यावरचा एक दिवा बंद होता. मुलींनीच सरपंचांना अर्ज लिहायचं ठरवलं. प्रति, विषय, महोदय, सगळं मराठीच्या तासाला शिकलेलं. ‘आपल्या विश्वासू’ हे शब्द उजवीकडे न्यायचे म्हणून एकीने स्पेसबार दाबून धरला आणि शब्द जागेवर नेऊन ठेवले. कागदावर दिसायला ठीक. मी तिला अक्षरांचा आकार वाढवायला सांगितला. उजवीकडचे शब्द खालच्या ओळीवर घसरले, वरची तारीख भलतीकडेच गेली. मग टॅब म्हणजे काय, उजवीकडे लावणं म्हणजे काय, परिच्छेद म्हणजे काय, हे शिकायला सगळ्या जणी वाकून पुढे आल्या. अर्ज छापायच्या आधी एकीच्या लक्षात आलं की सरपंच बाई आहेत, ‘महोदय’ चालणार नाही. शोधा आणि बदला, हे काम तेव्हा शिकून झालं. ती फाईल अजून आमच्या फोल्डरमध्ये आहे. पुढच्या तुकड्या तारीख आणि विषय बदलून तिच्यावरून आपापले अर्ज करतात. नमुना म्हणून फाईल जपून ठेवायची असते, हे त्यांना यातून कळलं.

पण माझा सगळ्यांत आवडता तास कॅल्कचा, म्हणजे एक्सेलच्याच जातीच्या सॉफ्टवेअरचा. तक्त्यांच्या सॉफ्टवेअरचा जन्म फळ्यासमोर झाला. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता. फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडलेला, त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे. हे काम यंत्राने आपोआप करावं, असं त्याला वाटलं. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने व्हिजिकॅल्क तयार केलं आणि १९७९ मध्ये ते बाजारात आलं. आज आपण वापरतो ते एक्सेल आणि कॅल्क त्याच कुळातले. फळ्यावर एक आकडा बदलून खालची बेरीज पुन्हा करायला लावली, की मुलांना ब्रिकलिनचं म्हणणं लगेच पटतं.

मग मी त्यांना घरून कांद्याची पट्टी, म्हणजे बाजारात कांदा विकल्यावर मिळणारी हिशेबाची चिठ्ठी, आणायला सांगते. आमच्याकडे येवला आणि लासलगावचे बाजार जवळ, बहुतेकांच्या घरात पट्ट्यांची चळत असते. वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, हातात पडलेले पैसे. नाव दुमडून आणायचं, आणि घरच्यांना आवडत नसेल तर आकडे बदलून आणायचे, हे मी आधीच सांगते. काही घरांत या आकड्यांच्या मागे कर्ज असतं, ते वर्गात उघडं पडता कामा नये.

पहिली अडचण ठरलेली. मुलं तक्त्याच्या एका घरात ‘१८.४० क्विंटल’ असं सगळं लिहितात. आकड्याला शब्द चिकटला की कॅल्कच्या लेखी तो मजकूर होतो, घरात डावीकडे जाऊन बसतो आणि गुणाकार चुकीची खूण दाखवतो. ‘क्विंटल’ वरच्या मथळ्यात लिहायचं, घरात फक्त आकडा. मथळा वेगळा आणि आकडा वेगळा, एका घरात एकच गोष्ट, ही शिस्त यातून लागते. दुसरी अडचण डॉलरच्या खुणेची. हमालीचा दर एका घरात ठेवून सूत्र खाली ओढलं की दराचं घरही खाली सरकतं आणि उत्तरं शून्य येतात. ते घर जागेवर धरून ठेवायला डॉलरची खूण लावावी लागते. ‘हमाली रुपयांत आणि खूण डॉलरची का?’ असं प्रत्येक तुकडीत कुणी तरी विचारतं. ती खूण पैशाची नाही, हे फळ्यावर लिहूनच ठेवावं लागतं.

आता एका मुलीच्या तक्त्याबद्दल सांगते. तिने एका हंगामातल्या तीन पट्ट्या आणल्या होत्या. काढणीनंतर लगेच विकलेला २२ क्विंटल, भाव क्विंटलला ९०० रुपये. त्यानंतरचा १८.४० क्विंटल, भाव १४५०. कांदाचाळीत राखून ठेवलेला शेवटचा ६.२० क्विंटल, भाव २१००. हमाली-तोलाईच्या आधीच्या रकमा आल्या १९,८००, २६,६८० आणि १३,०२०. तिला सरासरी भाव काढायचा होता. तिने भावाच्या तीन घरांची सरासरी काढणारं सूत्र लावलं, उत्तर आलं १४८३ रुपये. तिने घरी वडिलांना सांगितलं, यंदा आपल्याला सरासरी चौदाशे त्र्याऐंशीचा भाव मिळाला. वडील म्हणाले, एवढा कुठला? हातात आलेले पैसे बघितले तर तेवढा होत नाही. दुसऱ्या दिवशी ती आली ती हेच सांगत, ‘मॅडम, कॉम्प्युटर चुकला.’

मी उत्तर दिलं नाही. एकूण रक्कम किती आणि एकूण वजन किती, एवढंच विचारलं. रक्कम ५९,५०० आणि वजन ४६.६० क्विंटल. भागाकार केला, १२७७ पेक्षा थोडा कमी. दोन्ही उत्तरं शेजारशेजारच्या घरांत. दोनशेहून जास्त रुपयांचा फरक. तिचा गट बराच वेळ त्या दोन घरांकडे बघत राहिला. मग तिनेच बोट ठेवलं. म्हणाली, ‘भाव चढला तेव्हा आमच्याकडे कांदाच कमी राहिला होता.’ जास्त कांदा कमी भावात गेला, आणि तिच्या सूत्राने तिन्ही भावांना सारखंच वजन दिलं होतं. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न दुसरा विचारायला हवा होता. नववीतल्या मुलीने भारित सरासरीचा सगळा मुद्दा एका वाक्यात सांगितला, आणि तेही गणिताच्या पुस्तकातली व्याख्या न वाचता.

त्यानंतर वर्ग थांबेना. ट्रॅक्टरचं भाडं धरलं तर? रोपांचा, खताचा, काढणीच्या मजुरीचा खर्च वजा केला तर? चाळीत कांदा सडतो, वजनात घट येते, ती कुठे लिहायची? एका मुलाने घटीचा अंदाज एका घरात ठेवला आणि तो आकडा बदलत राहिला, दर वेळी खालची रक्कम बदलताना बघत. कांदा राखून ठेवायचा की काढून टाकायचा, हा त्याच्या घरात दरवर्षी होणारा वाद होता. तक्त्याने तो मिटला असं मी म्हणणार नाही, बाजारभाव कुणाच्या तक्त्याला विचारून ठरत नाहीत. पण वाद करताना कोणते आकडे हाताशी हवेत, हे त्या मुलाला कळलं. त्याच्या आजोबांनी तो तक्ता छापून मागितला.

सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरला मी फार वेळ देत नाही. मुलांना ते आपोआप येतं, आणि उडती अक्षरं, फिरती चित्रं यांतच तास निघून जातात. सांगण्यासारखं काही हातात आल्यावर मगच स्लाईड करायची, एवढं सांगून मी पुढे जाते.

कुठलं सॉफ्टवेअर शिकवायचं, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. त्यांना एक्सेल हे नाव माहीत असतं. पुढे एमएस-सीआयटी करायचं, नोकरीच्या अर्जात लिहायचं, त्यामुळे त्यांची काळजी रास्त आहे. मी लिब्रेऑफिसवर शिकवते. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, नक्कल करून वाटायला कायदेशीर आहे आणि आमच्या जुन्या संगणकांवर चालतं. ज्याच्या घरी जुना संगणक आहे त्याला पेनड्राईव्हवर देताना मनात चोरी नसते. शाळेने मुलांसमोर चोरीची प्रत चालवावी, हे मला कधीच पटलेलं नाही. इतर राज्यांकडे बघायचं तर केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर आणि तेही मल्याळममधून नेटाने रुजवलं आहे. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिब्रेऑफिसवरचे पाठ मराठीतून उपलब्ध आहेत. इंटरनेट नसेल तर आधी उतरवून घेऊन वर्गात दाखवता येतात. मला त्यांचा मोठा आधार झाला.

एक्सेलवर गेल्यावर मुलांचं काही अडत नाही, हेही पालकांना सांगते. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिसची सगळी मेनूपट्टी बदलली. ज्यांनी ‘तिसऱ्या मेनूतली पाचवी ओळ’ असं पाठ केलं होतं, ते सगळे गोंधळले. ज्यांना आपल्याला काय करायचंय ते माहीत होतं, त्यांनी नवी जागा शोधून काढली. कापणं, नक्कल करणं आणि चिकटवणं या कल्पनेवर लॅरी टेस्लरने १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत काम केलं. तेव्हाचे संगणक आज संग्रहालयात आहेत, पण ते तीन हुकूम जसेच्या तसे चालू आहेत. परिच्छेद, शैली, घर, सूत्र, जागेवर धरलेला दर, फाईलचा पत्ता, केलेलं मागे घेणं, या गोष्टी कंपनी बदलली तरी बदलत नाहीत. शिकवायच्या त्या याच.

म्हणून परीक्षाही बदलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वर्डमधील कोणत्याही पाच मेनूंची नावे लिहा’ या प्रश्नाचं उत्तर संगणक न बघितलेलं मूलही देऊ शकतं. आमच्या प्रात्यक्षिकात मी चुरगळलेली पट्टी हातात देते आणि तिचा तक्ता मागते, किंवा चार वेगळ्या आकारांतल्या अक्षरांत विस्कटलेला अर्ज देऊन तो नीट करायला सांगते. गुण देताना मूल कुठल्या मार्गाने गेलं ते बघत नाही, काम झालं का ते बघते.

या लेखाच्या निमित्ताने शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळेतल्या चालू संगणकांची संख्या कमी असेल, इंटरनेट नसेल, तरीही हे सगळं करता येतं. मुलांना सांगा, घरातलं एक काम घेऊन या. दूध डेअरीचं कार्ड असेल, किराण्याची उधारीची वही असेल, बचत गटाचा हिशेब असेल, गावच्या सप्ताहाची वर्गणी असेल, आजीच्या औषधांच्या वेळा असतील. आणि शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस तरी तासभर संगणक कक्ष उघडा ठेवा, ज्यांच्या घरी संगणक नाही त्या मुलांसाठी आधी. कुलूप लावून ठेवलेले संगणक पाच-सात वर्षांत तसेही निकामी होतात.